मताचे शील



पौर्णिमेला विहारात, लग्नकार्यात, पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसरे शील आपण 'चोरी न करणे' असे म्हणून मोकळे होतो. परंतु पालीत तेथे चोरी हा शब्द नाही. 'अदिन्नादान' असा शब्द आहे. जे आपणांस दिलेले नाही ते घेणे, हा त्याचा अर्थ. चोरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप येते. अदिन्नादान त्याहून पुष्कळ मोठे आहे. कुलूप न फोडताही ते घडते, आणि कधी कधी कुलूप पाहूनच घडते. माझ्या हातून ते कसे घडले, ते आधी सांगतो.

आमचे चारठाणा हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील जुने गाव. जुन्या दगडी देवळांसाठी लोक त्याचे नाव घेतात. मी मात्र आज देवळांविषयी नव्हे, कुलूपबंद घरांविषयी लिहिणार आहे. दिवाळी झाली की आमच्या भागातील कोयते उचल घेऊन ऊसतोडीला जातात. वस्तीतील कितीतरी दारांना कुलपे लागतात, ती फाल्गुन-चैत्रात उघडतात. मी शाळामास्तर. शिक्षकाच्या वाट्याला मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम येते, तसे ते माझ्याही वाट्याला आले. यादी हातात घेऊन घरोघर जायचे, मेलेल्यांची नावे कळवायची, गाव सोडून गेलेल्यांची कळवायची, नव्यांची भरून घ्यायची. एका घराला कुलूप दिसले. शेजारी विचारले तर 'गेले की' एवढेच उत्तर मिळाले. मी नावापुढे 'स्थलांतरित' असे लिहिले. दारावर नोटीस चिकटविली. ती वाचणारे दूर फडावर कोपीत झोपत होते. मुदत संपली आणि नाव गेले.

२६ एप्रिल २०२४ रोजी परभणी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. त्या घरची बाई, वयाने माझ्या आईएवढी, फडावरून परत आलेली होती. ती केंद्रावर आली, रांगेत उभी राहिली आणि तिचे नाव सापडले नाही. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "गुरुजी, मव्हं नाव कुठं गेलं? म्या तर जित्ती हाय." मी नियम सांगितला, नोटिशीची तारीख सांगितली. ती म्हणाली, "दाराला वाचता येतं व्हय, गुरुजी?" आणि घरी निघून गेली.

बांधवांनो, मी एक पैसा खाल्लेला नव्हता, कोणत्या पक्षाचे काम केले नव्हते. कागद नियमाप्रमाणे होता. तरीही तिच्याजवळचे जे होते ते तिने न देता मी घेतले. त्या रात्री दुसरे शील मला प्रथमच नीट समजले.

पुढे उन्हाळ्यात मी स्वतः तिचा नमुना ६ भरून घेतला. नाव परत आले. पण विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी होते, आणि त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. नाव यादीत होते, बाई फडावर होती. एका वर्षात दोनदा तिचे मत हुकले. एकदा माझ्या लेखणीने, एकदा पोटाने. स्थलांतरित मजुरांना जेथे आहेत तेथून मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये एका दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना राजकीय पक्षांसमोर ठेवला होता. पक्षांनी शंका घेतल्या आणि त्या निवडणुकीत ते यंत्र वापरले गेले नाही. शंका रास्त असतील. पण शंका घेणाऱ्यांपैकी कोणी फडावर जाऊन त्या बाईला विचारले नाही.

आता भगवान बुद्धांच्या संघाकडे वळू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. भिक्खू संघाच्या सभांत बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, हे सर्व नियम होते. हे वाक्य आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. परंतु ते नियम कोणते होते, हे विनयपिटक उघडून पाहणारे थोडे.

संघात वाद मिटेना तर बहुमताने निर्णय करीत. त्यास 'येभुय्यसिका' म्हणत. मत म्हणजे लाकडाची लहान काडी, 'शलाका'. वेगवेगळ्या मतांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या शलाका असत. त्या घेण्याच्या तीन रीती होत्या: गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त रीतीत शलाका देणारा एकेका भिक्खूकडे जाई, कोणती काडी कोणत्या मताची ते सांगे, हवी ती घे म्हणे आणि घेतलेली कोणाला दाखवू नको असे बजावी. आजचा मतदानाचा आडोसा याहून वेगळा काय आहे?

या शलाका वाटणाऱ्या भिक्खूस 'शलाकाग्राहापक' म्हणत. तो संघाने निवडून नेमावा लागे आणि त्याच्या अंगी पाच गुण लागत. जो आवडीमुळे वाकडा जात नाही, द्वेषामुळे जात नाही, मोहामुळे जात नाही, भयामुळे जात नाही. आणि पाचवा, कोणाची शलाका घेतली गेली व कोणाची घेतली गेली नाही, हे ज्याला ठाऊक आहे. पहिले चार गुण सज्जन माणसाचे झाले. पाचवा गुण हिशेबाचा आहे. तथागतांनी सज्जनपणावर सर्व सोपविले नाही, हिशेब मागितला. आणि हिशेब दोन्ही बाजूंचा मागितला. घेतलेल्याचा आणि न घेतलेल्याचाही. खोटे मत आत आले काय, हे पाहणे हा अर्धा हिशेब. खरे मत बाहेर राहिले काय, हे पाहणे हा उरलेला अर्धा. माझ्या यादीत पहिला अर्धा चोख होता. दुसरा मी केलाच नव्हता.

विनयातील आणखी एक नियम याहूनही बोलका आहे. उपोसथाला किंवा संघाच्या कामाला एखादा भिक्खू आजारी असल्यामुळे येऊ शकत नसेल तर त्याने आपली परिशुद्धी, आपली संमती दुसऱ्या भिक्खूमार्फत कळवावी. तेही त्याला शक्य नसेल तर त्याला बाजेवर किंवा आसनावर बसवून संघासमोर आणावे. आणि हलविल्याने त्याचा आजार वाढेल, जिवाला धोका होईल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर त्याला हलवू नये. संपूर्ण संघाने उठून त्याच्याजवळ जावे आणि तेथे कर्म करावे. अपुऱ्या संघाने कर्म करू नये. एका आजाऱ्यासाठी सारा संघ उठून जातो! आणि याच नियमात दक्षताही आहे. संमती घेऊन निघालेला भिक्खू वाटेतूनच निघून गेला तर ती संमती आणली असे धरायचे नाही. म्हणजे सवड आणि दक्षता या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. तथागतांनी दोघींना एकाच नियमात शेजारी बसविले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शलाका मोजताना अधम्माची बाजू अधिक भरते असे दिसले, तर ती मोजणी रद्द करण्याची मुभा विनयाने शलाकाग्राहापकास दिली होती. तेथे प्रश्न धम्म-विनयाचा होता, म्हणून ते तेथे शोभले. आपल्या संविधानाने कोणाही अधिकाऱ्यास असा अधिकार दिलेला नाही, आणि ते योग्यच झाले. लोकांनी काय निवडावे हे मोजणाऱ्याने ठरवायचे नसते. परंपरेतील हिशेब आणि करुणा घ्यावी व काळास न जुळणारे सोडावे, ही दृष्टी बाबासाहेबांनीच आपणांस दिली.

बाबासाहेबांचे सारे राजकीय आयुष्य मताच्या हक्कासाठी गेले. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांना मताधिकार मिळावा म्हणून साक्ष दिली, १९२८ साली सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला. आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाची राजवट होती; प्रौढ मताधिकाराने मत देण्याचा दिवस आपल्या आजोबा-पणजोबांना पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिसला. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने जमीन, शिक्षण, जात काही न पाहता प्रत्येक प्रौढास मत दिले. १९८९ पासून वयाची अट एकवीसवरून अठरावर आली. आता हे पाहा. जून १९४९ मध्ये निवडणूक आयोगाचा अनुच्छेद मांडताना बाबासाहेबांनी सभेस सांगितले की, काही प्रांतांत आपल्या वंशाचे, संस्कृतीचे वा भाषेचे नसलेले लोक यादीतून वगळले जावेत अशी व्यवस्था तेथील सरकारे करीत असल्याचे कानावर आले आहे. स्थानिक सरकारचा पूर्वग्रह किंवा एखाद्या अधिकाऱ्याची लहर, यामुळे कोणाही पात्र माणसाचे नाव गळता कामा नये, म्हणून त्यांनी सर्व निवडणुका एका स्वतंत्र केंद्रीय आयोगाकडे दिल्या. निवडणूक आयोग जन्मला तो केवळ बोगस मतदार पकडण्यासाठी नव्हे, खऱ्या मतदाराचे नाव राखण्यासाठीही जन्मला, हे ध्यानी घ्या.

आणि मत कसे वाया जाते याचा घाव खुद्द बाबासाहेबांना सोसावा लागला. पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या हत्ती या चिन्हावर उभे होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. दोन्ही मते दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक बाद. बाबासाहेब राखीव जागेवर १४,५६१ मतांनी पराभूत झाले, आणि त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३! दुसरे मत वाया घालविण्याचा प्रचार पद्धतशीरपणे झाला, अशी तक्रार करीत बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. निकालाविषयी कोणाचे काहीही मत असो, आपण त्यातून एक धडा घ्यावयाचा आहे. पेटी फोडली नाही, पेटी पळविली नाही, तरी हजारो मते मेली. नियम अवघड होता आणि तो सांगणारा मतदाराच्या दारात गेला नव्हता. १९६१ च्या कायद्याने असे दुहेरी मतदारसंघ बंद झाले. अवघड नियम मात्र आजही जन्म घेतात.

त्याच पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीत राहू शकली नाहीत. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. नाव नसणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. धोंड्या, दगड्या, कचऱ्या ही नावे आपल्या आजोबांना मिळाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत गौतम आला, यशोधरा आली, संघमित्रा आली. आज यादीत एक नाव, आधार कार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, असे जे दिसते त्यातील पुष्कळ आपल्या या प्रवासाची खूण आहे. लेखनातील फरकाला लबाडी समजणाऱ्या अधिकाऱ्याने हा इतिहास ध्यानी घ्यावा. आणि आपणही नमुना ८ भरून नाव दुरुस्त करून घेण्याचा आळस सोडावा.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही दार उघडे ठेवायचे तेवढे सांगता, चोराचे काय? चोर आहे, हे मी नाकारीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात २०२४ च्या विधानसभेपूर्वी नवीन नावांसाठी साडेसहा हजारांवर खोटे अर्ज आल्याचे उघडकीस आले. ते फेटाळले गेले व गुन्हा नोंदविला गेला. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी यंत्राच्या निकालावर शंका घेऊन ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर स्वतःचे मतदान घेण्याचे ठरविले; जमावबंदी लागली आणि ते झाले नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे ग्रामपंचायतीच्या पदांसाठी देवळाच्या नावाने २ कोटी ५ लाखांची बोली लागली, नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीत ४२ लाखांची. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये या दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. लिलावात तर एकाच्या नव्हे, साऱ्या गावाच्या मताचे अदिन्नादान होते, तेही देवाला साक्षी ठेवून!

मग उपाय काय? चोर पकडायचा, पण त्यासाठी घरमालकाला रस्त्यावर काढायचे नाही. दुबार नावांचेच उदाहरण घ्या. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी आपल्या राज्य निवडणूक आयोगाने संशयित दुबार नावांपुढे दोन तारे लावण्याचे ठरविले. नाव लगेच काढायचे नाही. त्या माणसाला विचारायचे, तू कोठे मत देणार, आणि तसे लिहून घ्यायचे. अंमल कसा झाला याविषयी तक्रारी असू शकतात. पण आधी विचारावे, ही रीत धम्माला धरून आहे. बिहारमध्ये २०२५ च्या पुनरीक्षणात प्रारूप यादीबाहेर सुमारे ६५ लक्ष नावे राहिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी आदेश दिला की ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा. हेही तेच. संघात ठराव मांडला की मोठ्या कर्मासाठी तीनदा विचारत आणि मगच निर्णय धरीत. एका जिवंत माणसाचे मत काढून घेणे हे लहान कर्म आहे काय? मी आता कुलूपबंद घरी तीनदा जातो, मुकादमाकडून फोन नंबर घेतो आणि त्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय 'स्थलांतरित' हा शब्द लिहीत नाही. मेलेल्याचे नाव राहिले तर ते केंद्रावर पकडता येते. जित्याचे गेले तर त्याच्या वतीने बोलायला केंद्रावर कोणीच नसते.

यंत्राविषयीही हेच सांगतो. कालामांना भगवंतांनी सांगितले ते आपण जाणतो. पारखून घेतल्यावाचून स्वीकारू नका. शंका घेणे पाप नव्हे. परंतु शंका घेऊन घरी बसणे हा धम्म नव्हे. प्रत्येक केंद्रावर मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. तेथे पहाटे हजर राहा. मतदान संपल्यावर किती मते नोंदली गेली याचा नमुना १७-क प्रतिनिधीला मिळतो. तो सही करून घ्या आणि मोजणीच्या दिवशी ताडून पाहा. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. परभणीत मतदान चालू होते त्याच दिवशी, २६ एप्रिल २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी अमान्य केली. पण निकालावर आक्षेप असणाऱ्या दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास काही यंत्रांची तपासणी मागण्याची वाट दिली. घेतलेले आणि न घेतलेले जाणण्याची ही आजची साधने आहेत. ती वापरणारी माणसे आपल्या वस्तीत किती आहेत?

शेवटी आपल्या घराकडे पाहू. मतदानाच्या आदल्या रात्री जे पाकीट फिरते त्याला आपल्याकडे 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेऊन देवदेवता सोडलेल्या घरांत ही एक लक्ष्मी मागच्या दाराने कशी येते? पाकिटाबरोबर बाटली येते, म्हणजे पाचवे शीलही जाते. दुसऱ्याच्या नावावर बोटाला शाई लावून घेणारा चौथे शील मोडतो. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा आपले रक्त उसळले, आणि ते उसळणे योग्यच होते. पण काचेतील संविधानाची विटंबना एकाने केली; अनुच्छेद ३२६ पाचशे रुपयांना विकणारे आपल्यातच किती?

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. प्रारूप यादी लागली की ती विहारात आणा आणि एका पौर्णिमेला वंदनेनंतर मोठ्याने वाचा. मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची नावे आपणच कळवा. शेजाऱ्याचे नाव चुकून गेले असेल तर तो फडावर असतानाच त्याला फोन करा. पंच्याऐंशीच्या पुढच्या आणि चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंग असलेल्या माणसांना अलीकडच्या निवडणुकांत घरी मत देण्याची सोय झाली आहे. त्यांचा अर्ज वेळेवर भरा. ओळखपत्र हरवले तर फोटो असलेले बँकेचे वा पोस्टाचे पासबुक, आधार कार्ड चालते, हे म्हाताऱ्यांना सांगा. तुमच्या नावाने आधीच कोणी मत टाकून गेला असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा. तो तुमचा हक्क आहे. आणि शिक्षक, तलाठी, अंगणवाडीताई अशा ज्यांच्या हाती यादी व लेखणी आहे, त्या माझ्या बंधुभगिनींनो, आपण या काळाचे शलाकाग्राहापक आहोत. पाचवा गुण विसरू नका.

येत्या हंगामात ती बाई पुन्हा फडावर जाईल. तिच्या दाराला पुन्हा कुलूप लागेल. त्या कुलपाकडे पाहून मी काय लिहितो, यावर माझे दुसरे शील टिकेल किंवा मोडेल. तुमचे कोठे टिकेल, ते तुम्ही पाहावे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!